बायोडाटाच्या मागच्या बाजूला

भुवा, आधी बातमी ऐक, रडणं-बिडणं मग बघू. कपाट उघडलं. आपल्या जैन स्थानकाच्या मागच्या खोलीतलं, वधू-वर समितीचं ते हिरवं लोखंडी कपाट, ज्याच्यासाठी तू वर्षभर धुळे-जळगाव एसटीत हाडं खिळखिळी करून घेतलीस. रविवारी सकाळी ते सगळ्या संघासमोर उघडलं आणि ज्याचं पान त्याच्या हातात गेलं. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. जन्मात कधी कुठल्या कार्याला उशिरा पोचली नाहीस, आणि नेमकी याच कार्याला आली नाहीस.

खरं सांगू? मला कधी एकदा तुला सांगते असं झालं होतं. रविवारी दुपारी घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी तुला फोन लावला. तुझ्या सुनेने उचलला, तेव्हा कुठे लक्षात आलं. तिला काय बोलणार? "जेवलात का" एवढं विचारलं आणि ठेवला. मग पोटातलं ओठावर येऊन तसंच राहिलं, म्हणून आता कागद घेऊन बसलेय.

घरात आपण मारवाडीत बोलायचो, म्हणून तू आत्या नाहीस, भुवा; आणि मी तुला 'थे', म्हणजे 'तुम्ही' म्हणायचे. मराठीत लिहायला बसले तर 'तू'च येतंय. चालवून घे. तुझं तरी कुठे एका भाषेवर भागायचं? स्वयंपाकघरात मारवाडी, स्थानकात साधू-महाराजसाहेबांसमोर हिंदी, आग्रा रोडवरच्या तुझ्या साड्यांच्या दुकानात खेड्यावरच्या बायकांशी अहिराणी. आणि डोकं फिरलं की समोर कोणीही असो, अहिराणीच. माझ्या लहानपणी आम्हाला वाटायचं, अहिराणी ही भांडायचीच भाषा आहे.

आपल्याकडे मुलगा-मुलगी लग्नाची झाली की बायोडाटा समितीकडे द्यायचा, फोटो लावून. उंची, शिक्षण, गोत्र, मामाचं गाव. माझा माझ्या आईने हौसेने दिला होता, ठिबकच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा. त्या पानाला मागची बाजूही असते हे आम्हाला काय माहीत. परगावच्या माणसाने चौकशीचा फोन केला की समितीचे पारसमलजी कपाट उघडायचे, पान काढायचे आणि उलटायचे. मागे पेन्सिलीत लिहिलेलं असायचं: स्वभाव, आजार, मोडलेली सोयरीक, कांदा-लसूण खाणं, रात्रीचं जेवण. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो सोडून सगळ्यांना वाचून दाखवायचे.

माझी दोन स्थळं "योग नाही" म्हणून गेली, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. तिसरं धुळ्याचं होतं. त्या मुलाशी मी दोनदा बोलले होते आणि तिसऱ्यांदा बोलायची वाट बघत होते. हे मी फक्त तुला सांगितलं होतं. मग त्याच्याही घरून "योग नाही" आलं. तू मला म्हणालीस, "योग काय आभायमधून पडस का? मी दखस." आणि खरंच बघितलंस.

पर्युषणाच्या आधी त्याच मुलाची आई तुझ्या दुकानात साडी घ्यायला आली. हा प्रसंग तू मला इतक्या वेळा सांगितलास की मी तिथे गादीवर बसले होते असंच वाटतं. तू तिच्यासमोर साड्यांचा ढीग घातलास, चहा मागवलास आणि हळूच विषय काढलास. ती म्हणाली, "मुलगी छानच हो तुमची. पण जळगावच्या संघातून फोनवर वाचून दाखवलं ना, तिला झटके येतात म्हणून. लिहूनच ठेवलंय म्हणाले." तू सांगायचीस, "मग मी काही बोलले नाही. तिने दाखवली ती साडी, म्हणाली त्या भावात देऊन टाकली." मी हसायचे. धुळ्यात कमलाबाईकडून कोणी पहिल्या बोलीत साडी नेली असेल तर ती बाई तेवढीच. मला वाटायचं, रागाने तुझी वाचा बसली असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तू जळगावात. डब्यात खाकरे. सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही म्हणून पारोळा, एरंडोल येईपर्यंत वाटेतच खाऊन मोकळी झालेली. आल्या आल्या म्हणालीस, "तुला झटके येतात असं लिहिलंय." मला आधी हसू आलं, मग डोळ्यात पाणी आलं, मग पुन्हा हसू आलं. मी म्हणाले, "भुवा, मला साधी सर्दी होत नाही." झटक्यांचं कुठून निघालं असेल ते मात्र मला लगेच कळलं. अकरावीतली अठाई. आठ दिवसांचा उपवास, नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. मैत्रिणींनी धरला म्हणून मीही हट्टाने धरला. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला बसले आणि आडवी झाले. पुढचं मला आठवत नाही. आठवते ती फक्त तोंडात साखरेच्या पाण्याची चव आणि डोक्याखाली तुझी मांडी. मी म्हणाले, "चक्कर आली होती, कुणीतरी तिला झटका करून टाकलं. कोण असेल गं?" तू खाकऱ्याचा डबा धुवायला उठलीस.

मग संवत्सरी आली, आणि दरवर्षीसारखी तू माहेरच्या स्थानकात. भुवा, ती संध्याकाळ जळगावचा संघ विसरणार नाही. पर्युषणाच्या आठ दिवसांतला शेवटचा, माफीचा दिवस. जो तो ज्याला त्याला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो, माझ्याकडून जे चुकलं ते मिथ्या होवो. पारसमलजींनी माईक घेतला आणि दरवर्षीप्रमाणे सांगितलं की, समितीकडून जाणते-अजाणतेपणी कोणाचं मन दुखावलं असेल तर खमत-खामणा. सगळे हात जोडणार एवढ्यात बायकांच्या बाजूने तू उठलीस. "पारसमलजी, माफ करायला माझी तयारी आहे. कशाबद्दल ते सांगा."

ते म्हणाले, "कशाबद्दल म्हणजे? सगळ्याबद्दल."

"सगळं म्हणजे काय काय?"

कुणीतरी पाठीमागून "बैठो, भुवाजी" म्हणालं, आणि तिथेच चुकलं त्यांचं. तुझी गाडी अहिराणीवर आली. "कपाटमा काय लिखेल शे ते बठ्ठास्ले वाचीसन दखाडा. मंग मी माफ करस." सगळ्यांना वाचून दाखवा, मगच माफी! मी तुझ्या शेजारी, मान खाली घालून. लाज वाटत होती आणि मजाही. 

त्याच दिवशी बाहेर पायरीवर तू मला हात जोडलेस. दरवर्षी मी आधी वाकायचे, त्या वर्षी तू मला वाकूच दिलं नाहीस. म्हणालीस, "जाणतेपणी तुझं काही वाईट केलं असेल तर मिच्छामि दुक्कडं." मी थट्टा केली, "आणि अजाणतेपणीचं? ते खाल्लंस का?" तू म्हणालीस, "ते पुढच्या वर्षी." किती हसले मी त्यावर.

पारसमलजींना मी खलनायक करणार नाही, तूही केलं नव्हतंस. आपण दोघी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी आपल्याला शांतपणे बसवलं आणि म्हणाले, "बाई, गावोगावचे फोन येतात. एका मुलाला दारूचं व्यसन होतं, आम्ही सांगितलं म्हणून एक मुलगी वाचली. सांगितलं नसतं किंवा खोटं सांगितलं असतं, तर तुम्हीच मला दारात उभं केलं नसतं. आणि आम्ही ऐकीव लिहीत नाही. प्रत्येक ओळीखाली माहिती कोणी दिली त्याचं नाव असतं." मी विचारलं, "माझ्याखाली कोणाचं आहे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ते सांगायचा नियम नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बेटा, पेन्सिलच आहे. तुझी ओळ खोडून टाकतो. विषय संपला."

मला तेवढंच हवं होतं, भुवा. मी 'हो' म्हणणार होते. तू माझ्या आधी म्हणालीस, "नको."

त्यांच्या घरून नव्या बस स्टँडकडे जाताना रिक्षात आपण भांडलो. मी म्हणाले, माझी ओळ आहे, तुला काय करायचंय? तू म्हणालीस, "ज्यांनी ऐकलं त्यांच्या डोक्यात खोडरबर फिरवणार आहेस का? आणि बाकीच्यांचं काय? त्यांना तर माहीतही नाही." मी म्हणाले, बाकीच्यांचं उघडलंस तर ज्यांचं खरं आहे त्यांचीही इज्जत जाईल. तू म्हणालीस, "ज्याचं त्याला द्यायचं, चव्हाट्यावर नाही मांडायचं." मी म्हणाले, तुला माझ्यापेक्षा तुझी लढाई मोठी झाली. हे मी चिडून म्हणाले. तू रिक्षा थांबवायला सांगून स्टँडच्या अलीकडेच उतरलीस. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तुला बाहेर ढकललं होतं.

ते भांडण आपलं मिटलं नाही. बोलणं सुरू झालं, पण मुद्दा तिथेच राहिला. तुझं म्हणणं अख्खं कपाट, माझं म्हणणं एक ओळ. तू मात्र थांबली नाहीस. जळगावातल्या एकेका आईला फोन. कुणाला साडीचं निमित्त, कुणाला लोणच्याचं. "तुझ्या पोराच्या पानामागे काय लिहिलंय, विचारलंस कधी?" एवढंच विचारायचं आणि सोडून द्यायचं. चार दिवसांनी ती बाई स्वतःच स्थानकात हजर. होळीपर्यंत पारसमलजींच्या दारात बायकांची रांग लागायला लागली. अक्षय तृतीयेला समितीने मान्य केलं, सभा घेऊ, पानं देऊ. त्या दिवशी तू फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होतीस की मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता.

आणि त्याच फोनवर तू शेवटची ताकीद दिलीस. "तुझं पान मिळालं की तिथंच माईकवर वाच. पूर्ण वाच. खालची ओळपण. अर्धं वाचलंस तर तुझी-माझी कट्टी." मी म्हणाले, "तू असणारच ना शेजारी, चिमटा काढायला." तू म्हणालीस, "असंन ते असंन."

आता रविवार ऐक.

हॉल भरलेला. तुझ्यासाठी आधी नवकार मंत्र म्हटला, सगळे उभे राहिले. मग पारसमलजींनी स्वतः कपाटाची किल्ली फिरवली. नावं पुकारायची, उठायचं, पान घ्यायचं. पहिली काही माणसं अशी गेली, जणू दहावीचा निकाल घ्यायला निघालीत. मग आपल्या संघातल्या झुंबरबाईंचा नातू उठला. त्याने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "बुलेट चालवतो. बाहेर कांदा खातो." झुंबरबाई म्हणाल्या, "बाहेर? घरी पण खातो, मीच तळून देते." भुवा, हॉल हसून फुटला. महाराजसाहेब असते तर काय झालं असतं कोण जाणे. एकीच्या मागे लिहिलं होतं 'हसते फार', आणि ती हे वाचून हसायची थांबेना. एकाने पान न वाचता चार तुकडे करून खिशात टाकले. एक बाई आपल्या मुलीचं पान वाचून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिला कोणी काही विचारलं नाही, नुसत्या तीन-चार जणी जाऊन शेजारी उभ्या राहिल्या. ज्याचं त्याला मिळालं, चव्हाट्यावर काही आलं नाही. तू म्हणाली होतीस तसंच. हा मुद्दा तू जिंकलीस, लिहून देते.

मग माझं नाव. पान घेतलं, उलटलं. 'झटके येतात. अठाईत पाहिले.' त्याखाली बारीक अक्षरात: 'माहिती: कमलाबाई, धुळे. सख्खी भुवा.'

मी तीनदा वाचलं. माईक समोर होता. पारसमलजी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, खालचं नाही वाचलं तरी चालेल." तेव्हा कळलं की त्या दिवशी त्यांनी तुझ्याकडे का पाहिलं होतं. त्यांना तुला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. त्यांनी केलं नाही, आणि ते करतील या भीतीने तूही थांबली नाहीस.

राग आला, भुवा. खोटं नाही बोलणार. सख्खी भुवाच सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार होतं? एवढी वर्षं ती ओळ माझ्या फोटोच्या पाठीला चिकटून होती. रिक्षात मी तुला काय काय बोलले आणि तू गप्प बसलीस. सांगितलं असतंस तर? दुकानात, पायरीवर, फोनवर, कितीदा तरी संधी होती. आत्ताच तुझ्या नावाने सगळे उभे राहिले होते आणि पुढच्या मिनिटाला मी तेच नाव असं वाचायचं? मला वाटलं, अर्धं वाचावं. तुझी कट्टी परवडली.

पण तू पूर्ण वाच म्हणाली होतीस. मी पूर्ण वाचलं. 'सख्खी भुवा'सुद्धा.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि झुंबरबाई उठल्या. गुडघे धरून, सावकाश. म्हणाल्या, "मला बोलू द्या. साखरेची वाटी माझ्या हातात होती." आणि त्यांनी सांगितलं. मी पडले तेव्हा सूर्य मावळला होता. पाणीसुद्धा चालणार नव्हतं. सगळ्या म्हणत होत्या, थांबा जरा, शुद्धीवर येईल, पाच दिवस झालेत, पोरीचं तप वाया जाईल. तू म्हणत होतीस, पाणी द्या. कोणी ऐकेना. आपल्या पच्चक्खाणात, म्हणजे उपवासाच्या नेमात, सवलत असते, आगार म्हणतात त्याला. जिवावरचं दुखणं आलं तर व्रत मोडल्याचा दोष लागत नाही. चक्कर त्यात बसत नाही. झुंबरबाई म्हणाल्या, "मग कमला ओरडली, झटका आलाय, झटका, तोंड उघडा तिचं. तेव्हा कुठे सगळ्या बाजूला झाल्या. मला माहीत होतं झटका नाही. मी तिचे पाय धरून बसले होते, ते गार होते, हलत नव्हते. पण मीपण 'झटका, झटका' ओरडले, आणि साखर आणायला धावले."

 पारसमलजी माईकजवळून बाजूला झाले आणि सरळ बायकांच्या बाजूला येऊन, तू बसायचीस त्या खांबापाशी हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "आता कशाबद्दल ते मला माहीत आहे, भुवाजी." आणि मग मिच्छामि दुक्कडं. तुझ्या अटीप्रमाणे, आधी कारण, मग माफी. तिथे मात्र मी रडले, आणि आसपासच्या निम्म्या बायका माझ्यासोबत.

भुवा, आता मला ते सगळं दिसतं. तू ओरडलीस तो शब्द स्थानकभर झाला, आणि पुढे माझं पान आलं तेव्हा समितीने तो तुझ्या नावाने मागे लिहून टाकला. त्या बाईने दुकानात 'झटके' म्हटलं तेव्हा तुला कळलं होतं की हा शब्द कोणाचा आहे. माझी एक ओळ खोडून घेतली असती तर त्याखालचं तुझं नावही खोडलं गेलं असतं, आणि मला जन्मात कळलं नसतं. सोपं होतं. तू ते घेतलं नाहीस. स्वतःचं नाव माईकवर यावं म्हणून तू वर्षभर एसटीने हेलपाटे घातलेस, आणि मी म्हणत होते की तुला तुझी लढाई मोठी झाली. त्या पायरीवर तू 'अजाणतेपणी' गाळलंस. तुला वाटलं की तू जाणूनबुजून माझं वाईट केलंस. अगं, जाणूनबुजून तू मला पाणी पाजलंस.

पर्युषण तोंडावर आलंय. संवत्सरीला तुझ्या जागेवर मीच बसणार आहे, झुंबरबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय. धुळ्याचा तो मुलगा तर केव्हाच लग्न होऊन पुण्याला गेला. त्याचं मला थोडं वाईट वाटतं, उगाच मोठेपणा घेत नाही. पण परवा कामावर जाताना लक्षात आलं की मी गाणं गुणगुणतेय, रस्त्यात, हेल्मेटच्या आत.

माझं पान माझ्याकडेच आहे. काल खोडरबर घेऊन बसले. तू ओरडशील, खोडून काय उपयोग म्हणशील. ओरड. आपलं भांडण कुठे मिटलंय? मी वरची ओळ घासून घासून पार कागदाचा रंग येईपर्यंत खोडली. खालची तशीच ठेवली. आता माझ्या बायोडाटाच्या मागच्या बाजूला एवढंच आहे: कमलाबाई, धुळे. सख्खी भुवा.